तीन ट्यूबचा प्रोजेक्टर आणि सोलापूरचे ऊन

सीआरटी प्रोजेक्टर म्हणजे एका अवजड पेटीत शेजारी शेजारी बसवलेल्या तीन पिक्चर ट्यूब: लाल, हिरवी आणि निळी. या ट्यूब आकाराने लहान असतात, पण घरातल्या टीव्हीच्या ट्यूबपेक्षा कितीतरी प्रखर. प्रत्येकीपुढे स्वतंत्र लेन्स असते. तिन्ही ट्यूबवर एकच दृश्य आपापल्या रंगात उमटते आणि समोरच्या पडद्यावर ही तिन्ही दृश्ये एकमेकांवर तंतोतंत बसली, तरच रंगीत चित्र दिसते. यंत्रात दिवा नाही, त्यामुळे दिवा बदलण्याचा खर्च नाही; पिक्सेल नाहीत, त्यामुळे चित्राला जाळी दिसत नाही. ट्यूबच्या मागच्या टोकाकडून निघालेला इलेक्ट्रॉनचा झोत काचेच्या आतल्या फॉस्फरच्या थरावर आदळतो, थर उजळतो. झोत थांबला की तिथे खरोखरचा काळोख होतो. नव्या स्वस्त प्रोजेक्टरवर रात्रीचे दृश्य राखाडी दिसते, या जुन्या यंत्रावर ते काळेच राहते. त्याची हौस बाळगणारे आजही सापडतात ते बहुतांशी या काळ्या रंगासाठी.

घरात तीन ट्यूबचा प्रोजेक्टर आणण्याचे श्रेय अमेरिकी अभियंता हेन्री क्लॉस यांच्याकडे जाते. १९७०च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या अ‍ॅडव्हेंट कंपनीने ‘व्हिडिओबीम’ बाजारात आणला. पुढे सोनी, एनईसी, बेल्जियमची बार्को आणि कॅनडातल्या किचनर शहरातली इलेक्ट्रोहोम यांनी हा धंदा वाढवला. ट्यूबच्या आकारावरून यंत्राची प्रत ठरे. सात इंची ट्यूबचा सोनी व्हीपीएच-१२७०, आठ इंचीचा इलेक्ट्रोहोम मार्की ८५००, नऊ इंचीचा सोनी जी९० अशी ती चढती श्रेणी. नऊ इंची यंत्र नवे असताना ते घरापेक्षा विमानाच्या सिम्युलेटरला आणि मोठ्या कंपन्यांच्या सभागृहालाच परवडत असे. १९९९ मध्ये इलेक्ट्रोहोमचा प्रोजेक्टरचा व्यवसाय क्रिस्टीकडे गेला, आणि पुढच्या काही वर्षांत एलसीडी व डीएलपी यंत्रांनी हे सगळे दालनच बंद करून टाकले.

भारतात १९८२च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर यांची लाट आली. गावोगावी व्हिडिओ सेंटरे निघाली, एसटी स्टँडबाहेर व्हिडिओ कोच उभ्या राहू लागल्या. बहुतेक सेंटरांत साधा टीव्हीच असे. मोठा पडदा हवा असेल तिथे तीन ट्यूबचा प्रोजेक्टर. १९९१-९२ मध्ये उपग्रह वाहिन्या आणि केबल आली आणि व्हिडिओ सेंटरांचा धंदा बसला. हॉटेले, प्रशिक्षण केंद्रे आणि कार्यालयांतली यंत्रे त्यानंतरही दहा-पंधरा वर्षे चालली, मग ती जुन्या मालाच्या बाजारात आली. आज कुणाच्या घरी असे यंत्र असेल, तर ते बहुधा याच वाटेने आलेले असते. म्हणजे ते मुळातच वापरलेले असते, आणि त्याने किती तास काम केले आहे हे पाहिल्याखेरीज त्याच्याविषयी काही बोलता येत नाही.

या यंत्रातले काय दुरुस्त होते आणि काय होत नाही, हे आधी ठरवून घ्यावे लागते. जत्रेतल्या तंबू सिनेमाचा ३५ मिलिमीटरचा प्रोजेक्टर यांत्रिक असतो. दात झिजलेले चाक लेथवर पुन्हा कातता येते. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजची अशी यंत्रे आणि ती चालती ठेवणारी माणसे दिसतात. सीआरटी प्रोजेक्टरचे असे नाही. त्याचे कंडेन्सर, ट्रान्झिस्टर, पंखे, फ्यूज नवे मिळतात, ते पुण्याच्या बुधवार पेठेतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणता येतात. सुटलेला सोल्डर सोलापुरातला कुठलाही जुना टीव्ही मेकॅनिक पुन्हा मारू शकतो. लेन्स साफ होते, ट्यूबपुढचे द्रव बदलता येते. पण ट्यूबच्या आतला फॉस्फर एकदा झिजला की तो परत येत नाही, आणि अशा ट्यूब बनवणारे मोठे कारखाने बंद झाले आहेत. त्यामुळे या यंत्राची सगळी निगा शेवटी तीन ट्यूब वाचवण्यासाठी असते. बाकीचे भाग ट्यूबसाठी खर्ची पडले तरी चालतात.

जागा आणि उजेड

यंत्राचे वजन पन्नास किलोंपासून शंभर किलोंच्या पुढे जाते. सोलापूर भागातल्या जुन्या घरांवर माळवद असते: लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात अशी खोली थंड राहते. पण त्या तुळईला शंभर किलोंचे यंत्र टांगणे हा वेडेपणा आहे. शिवाय माळवदातून बारीक माती झरत असते. अशा घरात यंत्र भक्कम टेबलावर, वर कापडी छत बांधून ठेवावे लागते. सिमेंटच्या स्लॅबला मात्र ते अँकर बोल्टने टांगता येते; तेव्हा ते उलटे बसते आणि चित्र उलटवण्याची सोय आतल्या जोडणीत असते.

या यंत्रांच्या लेन्सना झूम नसतो. पडद्याची रुंदी ठरली की यंत्राचे अंतर ठरते. ते साधारण रुंदीच्या दीडपट असते. सात फूट रुंद पडद्यासाठी सुमारे साडेदहा फूट अंतर, शिवाय यंत्राच्या मागे हात जाईल एवढी मोकळी जागा. लाल आणि निळी ट्यूब मधल्या हिरवीकडे किंचित वळवून बसवलेल्या असतात. हा कोनही पडद्याच्या रुंदीनुसार ठरतो. त्यामुळे यंत्र आज या खोलीत, उद्या त्या खोलीत असे करता येत नाही. हलवले की सगळी जुळवणी पहिल्यापासून. जवळ मोठे स्पीकर ठेवले तर त्यांच्या चुंबकाने झोत सरकतो आणि त्या बाजूचे रंग सुटे होतात. हा दोष यंत्रात शोधत बसणारे पुष्कळ.

उजेड हा या यंत्राचा सर्वांत कमकुवत भाग. जाहिरातीत हजार-बाराशे ल्युमेन लिहिलेले असत, पण तो आकडा पडद्याचा लहानसा भाग पांढरा करून मोजलेला. सबंध पांढऱ्या पडद्यावर मध्यम यंत्राकडून सुमारे २०० ल्युमेन मिळाले तरी पुष्कळ. सात फूट रुंद, चार-तीन प्रमाणाच्या पडद्याचे क्षेत्रफळ ३७ चौरस फूट होते. २०० ल्युमेन त्यावर पसरले की साधारण साडेपाच फूट-लॅम्बर्ट तेज येते. चित्रपटगृहात १४ ते १६ फूट-लॅम्बर्टची अपेक्षा असते. पडदा सहा फुटांचा केला तर हेच तेज सव्वासातच्या पुढे जाते. पडदा लहान ठेवणे हा उजेड वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि मोठ्या पडद्याच्या मोहापायी तोच आधी नाकारला जातो.

म्हणून खोली पूर्ण अंधारी हवी. चुन्याची पांढरी भिंत पडद्याचे काम बऱ्यापैकी करते, पण समोरच्या आणि बाजूच्या भिंतीही पांढऱ्या असतील तर पडद्यावरचा उजेड त्यांवरून परतून येतो आणि काळा रंग धुतला जातो. खिडकीसाठी जाड सोलापुरी चादर उत्तम. पडद्यासाठी तिचा उपयोग नाही, कारण विणीतली नक्षी प्रत्येक पांढऱ्या दृश्यात उठून दिसते. गडद रंगाचे टर्किश टॉवेलचे कापड बाजूच्या भिंतींना लावले तर उजेड शोषला जातो, आणि हा माल सोलापुरात वारेमाप मिळतो.

वीज, ऊन आणि रुई

यंत्राला ५०० ते ७०० वॅट वीज लागते. एवढी वीज एखादी इस्त्रीही खाते. अडचण वापराची नसून विजेच्या चढउताराची असते. सोलापूरच्या पूर्व भागात घराला लागून यंत्रमागाच्या खोल्या आहेत. मोटार सुरू होताना तिच्या नेहमीच्या वापराच्या पाच-सहा पट करंट क्षणभर ओढते. एकाच फेजवर चार मोटारी असल्या की शेजारच्या घरातला बल्ब मंदावतो. टीव्हीत हा धक्का चित्र आखडण्यापुरता दिसतो. तीन ट्यूबच्या यंत्रात त्याच क्षणी तिन्ही रंग वेगवेगळे आखडतात आणि अक्षरांना रंगीत कडा येतात. सर्व्हो स्टॅबिलायझर हा इथे चैनीचा भाग नाही. अर्थिंगही तपासून घ्यावे लागते. केबलच्या वायरीचे अर्थिंग आणि घराचे अर्थिंग वेगळे पडले की पडद्यावर वरून खाली सरकणारा करडा पट्टा दिसतो. केबल काढून डीव्हीडी लावली आणि पट्टा गेला, तर यंत्र निर्दोष आहे.

२००५नंतरची काही वर्षे महाराष्ट्राने कडक भारनियमन सोसले. चालू यंत्राची वीज अचानक जाणे ट्यूबसाठी वाईट. झोत पडदाभर फिरवणारे सर्किट आधी बंद पडले आणि झोत क्षणभर तसाच राहिला, तर तो एकाच ठिकाणी स्थिरावतो आणि तिथला फॉस्फर जाळतो. हे टाळण्यासाठी यंत्रात झोत तत्काळ मारणारे संरक्षक सर्किट असते, पण वीस-पंचवीस वर्षांच्या कंडेन्सरवर किती विसंबावे, हा प्रश्नच आहे. साइन वेव्ह देणारा लहान यूपीएस पाच मिनिटांचा अवधी देतो. तेवढ्यात यंत्र नीट बंद करता येते. जुन्या पद्धतीच्या चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर मात्र ते चालवू नये. वीज परत आल्यावर पहिल्या क्षणी व्होल्टेज उसळते, म्हणून मुख्य स्विच बंद ठेवून थोडे थांबणे हिताचे.

उन्हाळ्याचा हिशेब वेगळा. बहुतेक यंत्रांच्या पुस्तिकेत खोलीच्या तापमानाची कमाल मर्यादा ३५ ते ४० अंश दिलेली असते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. एक ठोकताळा आहे: कंडेन्सरचे तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. त्या हिशेबाने २८ अंशांच्या खोलीत दहा वर्षे टिकणारा कंडेन्सर ३८ अंशांत पाचच वर्षे टिकेल. बदलताना ८५ अंशांचा न घेता १०५ अंश लिहिलेलाच घ्यावा. किमतीतला फरक किरकोळ असतो. दुपारचा शो टाळून यंत्र रात्री नऊनंतर लावणे हा यावरचा साधा उपाय. पाण्याचा कूलर खोलीत असेल तर त्याचा झोत यंत्रावर येऊ देऊ नये. त्याच्या ओलसर हवेने यंत्राच्या आतल्या उच्च दाबाच्या वायरींवर बसलेली धूळ दमट होते, आणि दमट धुळीतून वीज वाट काढते.

धुळीचा प्रश्न या शहरात मोठा आहे, कारण इथल्या धुळीत सुताची रुई असते. सात-आठ इंची ट्यूबच्या पुढच्या टोकाला तीस ते पस्तीस हजार व्होल्ट असतात. रंगीत टीव्हीत हा आकडा पंचवीस हजारांच्या आसपास असतो. एवढ्या दाबाची वायर आजूबाजूचा प्रत्येक तंतू ओढून घेते. मागाजवळच्या घरात पंख्याची जाळी एक-दोन महिन्यांतच पांढरी होते, हवा अडते आणि तापमान वाढते. जाळी दर पंधरवड्याला झटकावी, आणि वर्षातून दोनदा यंत्र उघडून हाताच्या ब्लोअरने रुई काढावी. ओले फडके आत कधीही घालू नये.

उघडण्याच्या बाबतीत एक गोष्ट निक्षून सांगण्यासारखी आहे. वीज काढल्यानंतरही ट्यूब कंडेन्सरसारखा भार धरून ठेवते, आणि तो कित्येक तास, प्रसंगी दिवसभरही टिकतो. झाकण काढून स्वच्छता करण्यापलीकडचे काम ट्यूब डिस्चार्ज करता येणाऱ्या जाणत्या मेकॅनिकचे आहे. जुन्या टीव्हीवर हात बसलेला माणूस हे करू शकतो. त्याला फक्त आठवण द्यावी लागते, की इथे ट्यूब एक नाही, तीन आहेत.

जुळवणी

जुळवणीचा क्रम ठरलेला आहे, आणि तो मोडला की रात्र वाया जाते. यंत्र आधी अर्धा तास चालू ठेवायचे. गरम होईपर्यंत चित्र सरकत राहते. थंड यंत्रावर जुळवलेले रंग मध्यंतरापर्यंत सुटतात. मग प्रत्येक लेन्सचा फोकस हाताने, त्यानंतर ट्यूबचा विद्युत फोकस. हे दोन्ही झाल्याशिवाय रंग जुळवायला घेऊ नयेत, कारण जाड पुसट रेषेवर दुसरी जाड पुसट रेषा बसली की नाही, हे डोळ्याला कळत नाही.

यानंतर क्रॉसहॅच, म्हणजे आडव्या-उभ्या रेषांची जाळी पडद्यावर आणून फक्त हिरवी ट्यूब चालू ठेवायची. चित्र मध्यभागी आणणे, आकार, कडांची वक्रता, वर-खालची रुंदी हे सगळे हिरव्यावर ठरते. हिरवा आधी घेण्याचे कारण डोळ्यात आहे: पांढऱ्या उजेडाच्या तेजातला सुमारे सत्तर टक्के वाटा हिरव्याचा असतो, निळ्याचा जेमतेम सात टक्के. हिरवे चौकोन सरळ झाले की लाल चालू करून लाल रेषा हिरव्यावर आणायच्या, जुळल्या की त्या पिवळ्या दिसतात. मग लाल बंद करून निळ्या रेषा हिरव्यावर. शेवटी तिन्ही. मध्यापासून सुरुवात करून कडांकडे जावे आणि कोपरे शेवटी घ्यावेत. कोपऱ्यातली शेवटची केसभर चूक काढण्यासाठी तासन् तास घालवणारे हौशी लोक असतात. प्रेक्षक मात्र मध्यभागी पाहत असतो.

निळ्या रेषा लाल-हिरव्यांपेक्षा जाड दिसल्या तर तो बहुधा दोष नसतो. निळा फॉस्फर जास्त झोत सहन करत नाही, एका मर्यादेपुढे तो उजळायचा थांबतो. म्हणून निळ्याचा फोकस मुद्दाम किंचित सैल ठेवतात. झोत पसरतो आणि पांढरा रंग पिवळट पडत नाही. हे ठाऊक नसलेला मेकॅनिक निळा फोकस कसोशीने आवळतो आणि मग पांढरा का बिघडला हे शोधत बसतो.

जुळवणी दर काही आठवड्यांनी थोडी हाताळावी लागते, ऋतू बदलला की हमखास. त्यात काही बिघडल्याचे लक्षण नाही. पण आज जुळवलेले उद्या हातभर सरकले, किंवा चित्र पाहता पाहता एखादा रंग एकदम उडी मारून बाजूला गेला, तर तो ड्राय सोल्डर समजावा. यंत्र रोज तापते आणि निवते. जाड पायांच्या भागांभोवती सोल्डरला कंकणाकृती तडा जातो. भिंगाने पाहिल्यावर तो दिसतो.

बिघाड शोधण्याचा क्रम

यंत्र अजिबात सुरू होत नसेल तर पाहणी भिंतीपासून सुरू करावी: प्लग, स्टॅबिलायझर, फ्यूज. नुसता स्टँडबाय दिवाही लागत नसेल तर लहान स्टँडबाय सप्लायचा कंडेन्सर सुकलेला असण्याची शक्यता मोठी, कारण तो भाग मुख्य यंत्र बंद असतानाही वर्षानुवर्षे चालू असतो. सुरू होऊन चार-पाच सेकंदांत पुन्हा बंद पडणारे यंत्र संरक्षणासाठी बंद पडत असते. एकामागून एक दहा वेळा बटण दाबून त्याला जबरदस्तीने चालू करू नये. प्रत्येक प्रयत्नाला उच्च दाबाचा भाग आणि ट्यूब दोन्ही ताण सोसतात. आत चर्रर्र आवाज, जांभळी ठिणगी किंवा ओझोनचा तिखट वास असेल, तर उच्च दाब कुठेतरी गळतो आहे. स्वच्छता आणि कोरडेपणा यांनी यातली काही प्रकरणे मिटतात, बाकीच्यांत ईएचटीचा, म्हणजे उच्च दाब तयार करणारा भाग बदलावा लागतो.

पडद्यावर सगळे चित्र आक्रसून एकच झळझळीत आडवी रेषा उरली, तर दुसरा विचार न करता यंत्र बंद करावे. उभे फिरवणारे सर्किट गेले आहे आणि संरक्षणानेही दगा दिला आहे. ती रेषा ट्यूबवर कायमची कोरली जायला फार वेळ लागत नाही.

एक रंग गेला तर सर्वांत उपयोगी चाचणी फुकटची आहे. मागच्या वायरींपैकी गेलेल्या रंगाची आणि दुसऱ्या एका रंगाची वायर एकमेकींच्या जागी लावायच्या. गेलेला रंग बदलला, म्हणजे दोष प्लेअर, कन्व्हर्टर किंवा वायरीत आहे. तोच रंग गेलेला राहिला, तर दोष यंत्रात. मग ट्यूबच्या मानेत हीटरचा केशरी उजेड दिसतो का ते पाहावे. उजेड नसेल तर मानेवर बसवलेल्या नेक कार्डची जोडणी, उजेड असेल तर त्या रंगाचे व्हिडिओ सर्किट. मेकॅनिक येण्याआधी घरच्या घरी इथपर्यंत पोचता येते, आणि अर्धी मजुरी वाचते.

तिन्ही रंग असून चित्रावर एका रंगाची छटा चढली, तर अर्धा तास थांबून पाहावे. छटा हळूहळू उतरत असेल तर कमी पडणाऱ्या रंगाच्या ट्यूबचा कॅथोड थकत आला आहे. छटा फक्त काळ्या भागात असेल तर स्क्रीन व्होल्टेज जागचे हलले आहे; ते जुळवता येते. तिन्ही रंग कडांना वेगवेगळे वाकून इंद्रधनुष्य झाले असेल तर रंग जुळवणारे अ‍ॅम्प्लिफायर गेलेले असतात. नव्वदच्या दशकाअखेर भारतात विकल्या गेलेल्या प्रोजेक्शन टीव्हींमध्येही हाच रोग होता, आणि त्यातल्या एसटीके जातीच्या आयसी बदलण्याचा सराव अनेक मेकॅनिकांना आहे. या आयसींची नकली माल म्हणूनही मोठी ख्याती आहे. स्वस्त मिळाली तर ती आठवड्यात जाते.

चित्र धूसर झाले असेल तर तीन कारणे वेगळी करावी लागतात. क्रॉसहॅचच्या रेषा जाड आणि आजूबाजूला काळोख शाबूत: विद्युत फोकस. मध्य स्पष्ट, कडा पुसट: लेन्सचा फोकस किंवा तिचा तिरपेपणा. रेषा बारीक, पण प्रत्येक रेषेभोवती दुधाळ वलय आणि काळा भाग करडा: ट्यूबपुढचे द्रव.

द्रव

ट्यूबची पुढची काच इतकी तापते, की तिच्यापुढे द्रवाची पोकळी ठेवावी लागते. हे द्रव म्हणजे मुख्यत्वे इथिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचे मिश्रण. ते उष्णता बाहेरच्या धातूच्या पंखांकडे नेते. वर्षानुवर्षे तापून ते ढगाळ होते, कधी त्यात बुरशीचे तंतू वाढतात. बंद यंत्राच्या लेन्सवर तिरपा टॉर्च मारला की हे दिसते. स्वच्छ द्रवात ट्यूबचा थर स्पष्ट दिसतो, बिघडलेल्यात धुके. आधी बहुधा निळी किंवा हिरवी ट्यूब पकडली जाते. लालकडेही दुर्लक्ष करू नये.

रबरी सील कडक होऊन द्रव गळू लागले की पोकळीत हवेचा बुडबुडा तयार होतो. तो पोकळीत वर जातो, पण लेन्स चित्र उलटे करते, म्हणून पडद्यावर त्याची कड खालच्या बाजूला दिसते. हे चिन्ह दिसताच यंत्र वापरणे थांबवावे. गळलेला चिकट थेंब खालच्या कार्डावर किंवा उच्च दाबाच्या भागावर पडला तर नुसता बिघाड होत नाही, आग लागू शकते. द्रव चवीला गोड आणि विषारी आहे. लहान मुले, मांजर, कुत्रे यांच्यापासून जमिनीवर सांडलेला थेंबसुद्धा दूर ठेवावा.

द्रव बदलण्याचे काम वेळखाऊ आहे, अवघड नाही. लेन्स काढायची, जुने द्रव उपसायचे, काचेची आतली बाजू स्वच्छ करायची, सील नवे लावायचे, हवा न अडकवता नवे द्रव भरायचे. नळाचे पाणी यात कुठेही वापरू नये. सोलापूरच्या जड पाण्यातले क्षार काचेवर बसतात. गाडीच्या रेडिएटरचे रंगीत कूलंट तर मुळीच नको, त्यातला रंग आणि रसायने चित्रात उतरतात. लेन्समधली काही भिंगे प्लास्टिकची असतात. अमोनिया किंवा स्पिरिटने पुसले की त्यांवर कायमची धुंदी येते. ऊर्ध्वपातित पाणी, अगदी सौम्य साबण आणि मऊ सुती कापड एवढेच चालते.

झीज

ट्यूबचे आयुष्य साधारण दहा हजार तास धरतात, पण तास एकटे फसवे असतात. कमी कॉन्ट्रास्टवर पाच हजार तास चाललेली ट्यूब भडक कॉन्ट्रास्टवर दोन हजार तास जाळलेल्या ट्यूबपेक्षा चांगली निघते. यंत्र विकत घेताना तीनदा पूर्ण पांढरा पडदा मागावा, एकेक रंग चालू ठेवून. मध्यभागी मंद चौकोन दिसला तर ती चार-तीन चित्राची झीज. आडवे पट्टे दिसले तर सिनेमास्कोपची. सोलापुरात हिंदीबरोबर तेलुगू चित्रपटांचा मोठा प्रेक्षक आहे, आणि असे रुंद चित्रपट रोज लावणाऱ्या घरात वर-खाली काळे पट्टे राहून ट्यूबचा मधलाच भाग झिजतो. बातम्यांच्या वाहिनीची खालची पट्टी, वाहिनीचे बोधचिन्ह, क्रिकेटचा धावफलक हे त्याहून वाईट, कारण ते स्थिर आणि भडक असतात. कसोटी सामन्याचे पाच दिवस तीन ट्यूबच्या प्रोजेक्टरवर पाहणे ही उधळपट्टी आहे; त्यासाठी साधा टीव्ही असतो. चित्र थांबवून जेवायला जायचे असेल तर यंत्राचा झोत बंद करणारे बटण दाबावे.

कॉन्ट्रास्ट निम्म्याच्या आसपास ठेवून डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी. पंधरा मिनिटांत ते चित्र पुरेसे वाटू लागते, आणि ट्यूबची वर्षे वाढतात.

नवे सिग्नल

जुन्या पाल सिग्नलची आडवी वारंवारता १५,६२५ हर्ट्झ. सात फूट पडद्यावर त्याच्या रेषा मोजता येतील इतक्या सुट्या दिसतात, म्हणून लाइन डब्लर नावाचा डबा मध्ये लावत. यातला फरुजा कंपनीचा डबा एकेकाळी प्रोजेक्टरइतकाच महाग होता. आज साधा संगणक ते काम करतो. ७२०पी साठी ४५ किलोहर्ट्झ, ६० फ्रेमच्या १०८०पी साठी साडेसदुसष्ट किलोहर्ट्झ लागतात. यंत्राची कमाल मर्यादा पाहूनच सिग्नल द्यावा. सात इंची ट्यूबला १०८०पी दिला, तर रेषा एकमेकींवर चढतात आणि चित्र उलट मऊ पडते. त्याला ७२०पीच शोभते.

केंद्र सरकारच्या केबल डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात सोलापूर होते. ३१ मार्च २०१३ या मुदतीनंतर शहरात सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. त्या काळच्या डब्यांना पिवळ्या पिनचे साधे आउटपुट होते, त्यामुळे जुनी यंत्रे चालू राहिली. अडचण ब्लू-रे प्लेअरची झाली. २०१०च्या अखेरीनंतर आलेल्या मॉडेलांत अ‍ॅनालॉग आउटपुट साध्या दर्जापुरते मर्यादित झाले आणि २०१३नंतर ते बंदच झाले. आता एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर आणि त्यापुढे पाच वायरींचा बीएनसी जोड हाच मार्ग. स्वस्त कन्व्हर्टर काळ्या भागातला तपशील गिळतात; ज्या गुणासाठी हे यंत्र ठेवले, तोच इथे वाया जातो. कन्व्हर्टरवर खर्च करताना हात आखडू नये.

शेवटी यंत्र मोडीत काढायची वेळ आली, तर आधी द्रव काढून बंद डब्यात भरावे आणि डब्यावर विष असे लिहावे. लेन्स, व्हिडिओ कार्डे, नेक कार्डे, सप्लाय आणि पंखे जपून ठेवावेत. त्याच जातीचे दुसरे यंत्र चालवणाऱ्याला ते सोन्यासारखे असतात. चांगली उरलेली ट्यूब स्वतंत्र खोक्यात, मानेला धक्का लागणार नाही अशी भरावी. झिजलेली ट्यूब भंगारवाल्याला देऊ नये. तांब्यासाठी तो ती फोडतो, निर्वात काच आत कोसळून तिचे तुकडे उडतात, आणि काचेतले शिसे व फॉस्फरची पूड मोकळी होते. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे जायला हवी.